पत्ता दिला म्हणजे माणूस गटात पोचला असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यसनमुक्तीवरच्या बहुतेक लेखांच्या शेवटी ‘स्वमदत गटात जा’, म्हणजे व्यसन सोडू पाहणारे एकमेकांना आधार द्यायला जमतात त्या सभांना जा, एवढाच सल्ला असतो. डॉक्टर आणि समुपदेशकही अनेकदा पत्त्याची चिठ्ठी देऊन मोकळे होतात. त्या चिठ्ठीचे पुढे काय होते, हे १९८१ सालच्या एका छोट्या प्रयोगात दिसते. सिसन आणि मॅलम्स या संशोधकांनी दारूच्या व्यसनाशी संबंधित वीस जणांपैकी निम्म्यांना गटाची माहिती व सभेची वेळ-जागा सांगितली. उरलेल्यांना समोर बसवून गटातल्या सभासदाला फोन लावून दिला आणि सभेला सोबत नेण्याची सोय केली. फोन लावून दिलेले सगळे सभेला गेले. नुसती माहिती मिळालेल्यांपैकी एकही गेला नाही. वीस माणसे म्हणजे फार नव्हेत, पण गटाचे काम जवळून पाहणाऱ्यांना या निकालाचे नवल वाटणार नाही.

तेव्हा फोन तिथल्या तिथे लावावा. पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई सोबत द्यावी. सभा खुली की बंद, हे आधी विचारावे. बंद सभेत फक्त व्यसन असलेलेच बसतात, आणि सोबत आलेल्या आईला किंवा नवऱ्याला दाराबाहेर थांबवले की पहिल्याच दिवशी मन खट्टू होते. दारूचे व्यसन असलेल्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन या गटाच्या सभा १९५१ पासून वेगळ्या भरतात. व्यसनी माणूस गटात यायला तयार नसला तरी घरच्यांनी तिथे जावे.

एक गोष्ट मात्र गटाच्या आवाक्याबाहेरची आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने सभेच्या उत्साहात दारू एकदम तोडू नये. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत असतो, आणि भ्रमाची गंभीर अवस्था, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, बहुधा ४८ ते ९६ तासांत येते. त्यात जीवही जाऊ शकतो. रोज घेतल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्याही अशाच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. हेरॉइनचे उलटे आहे : काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते आणि घसरलेल्या माणसाचा जुनाच डोस त्याला मारू शकतो. हे नव्या सभासदाला उघडपणे सांगायला हवे, ‘अपशकुन नको’ म्हणून टाळू नये.

सभेत काय बिघडते? एकच जुना सभासद अर्धा तास बोलतो आणि नवा माणूस तोंड न उघडताच घरी जातो. प्रत्येकी तीन-पाच मिनिटे आणि हातात घड्याळ घेतलेला एक जण, एवढ्याने हे थांबते. दुसऱ्याच्या बोलण्यात सल्ले घुसवू नयेत. पिण्याच्या जुन्या पराक्रमांची रसभरीत वर्णने तर आवरावीतच; ऐकणाऱ्याची तलफ जागी होते. सभासदांत उसनवारी नको.

सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘गोळ्या घेतोस, म्हणजे तू अजून सुटलाच नाहीस’. ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही हेरॉइनसारख्या व्यसनावरची औषधे किंवा नैराश्यावरचे औषध कुणाच्या टोमण्याने बंद होता कामा नये. स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा जुना सभासद, निवडताना हेच पाहावे : निदान वर्षभर व्यसनापासून दूर असलेला आणि डॉक्टरकी न करणारा.

अनेक गटांच्या सभेत होणारा देवाचा उल्लेख खटकणाऱ्याने लगेच पाठ फिरवू नये. गटागटाचा सूर वेगळा असतो, म्हणून पाच-सहा सभा निरनिराळ्या ठिकाणी पाहाव्यात. स्मार्ट रिकव्हरीसारखे धर्मनिरपेक्ष गटही १९९४ पासून चालतात.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की यापुढे गटाचा पत्ता छापताना सभेचा वार, वेळ, खुली की बंद, आणि गटाच्या संमतीने संपर्काचा फोनही द्यावा. बंद पडलेल्या सभेचा पत्ता अनेक याद्यांत तसाच राहतो, म्हणून छापण्याआधी तो फोन एकदा लावून पाहावा.

आपला,
एक वाचक
(नाव छापू नये)