ओली आहे तोवरच

ऑकलंड,
रविवार

प्रिय दादा,
स. न. वि. वि. ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोटो मिळाले. नव्या होडीच्या प्लायचे सांधे छान बसलेत, कडाही सरळ आहेत. पण एका फोटोत तू ॲसिटोनच्या डब्यात हात बुडवून बसलेला दिसलास, म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर सांगितलं की निम्मं वाऱ्यावर जातं.

आधी हातांचं. ॲसिटोन इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून होणारा तो चिकट माल) काढतो असं वाटतं, पण तो तिला पातळ करून कातडीत मुरवतो आणि अंगचं तेलही नेतो. स्पिरिटचंही तेच. हाताला लागलीच तर आधी कोरड्या कागदाने पुसून काढ, मग साबण आणि पाणी. गॅरेजवाले हात धुवायला क्रीम वापरतात, तेही चालतं. काजूच्या टरफलाचं तेल लागलं की हात उततात, ते लगेच समजतं. इपॉक्सी महिनोन्‌महिने गप्प बसते आणि एके दिवशी मनगटाला, पापण्यांना खाज सुटते. एकदा ॲलर्जी जडली की जात नाही, मग जराशी धूळ उडाली तरी पुरळ उठतं. निळे नायट्राइलचे हातमोजे खोक्याने आण आणि एकावर एक दोन जोड चढव; वरचा बरबटला की काढून टाकायचा, काम थांबत नाही. लॅटेक्सचे पांढरे मोजे या कामाचे नाहीत. आणि पंचा गुंडाळून उघड्या अंगाने हे काम करू नकोस, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाल.

दुसरं, मापाचं. बंदरावर फायबरच्या होड्या करणारे हार्डनर हवेच्या अंदाजाने टाकतात, कडक ऊन असलं की कमी, ढग असले की जास्त. त्यांचं रेझिन पॉलिएस्टर असतं. त्यात हार्डनर शेकडा एक-दोन, तो फक्त ठिणगी पाडतो, म्हणून थोडं इकडेतिकडे खपतं. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच मालाचा भाग होतो. जास्त टाकलास तर माल लवकर आवळणार, म्हणजे घट्ट होणार, नाही, उलट जास्तीचा हार्डनर जोडीदार न मिळाल्याने तसाच राहील आणि सांधा मऊ राहील. डब्यावर २:१ असेल तर २:१च. ते आकारमानाने की वजनाने, हे मात्र नीट वाच. रेझिन जड आणि हार्डनर हलका, त्यामुळे दोन्हींचे आकडे वेगळे येतात. वेग बदलायचा असेल तर त्याच कंपनीचा स्लो हार्डनर मागव. बंदरावरच्या लोकांची चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई, तीही घेऊ नकोस. तिचे धागे ज्या चिकटद्रव्याने धरलेले असतात ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतं, इपॉक्सीत नाही. मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. काचेचं विणलेलं कापड घे.

आता हत्यारं. महागडं काही लागत नाही, पण कालवायच्या आधी सगळं हाताशी मांडलेलं हवं. इपॉक्सीची साफसफाई ती ओली असतानाच होते. नंतर राहतं ते कापणं आणि घासणं.

कालवायला आइस्क्रीम-श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे उत्तम. तळ सपाट असतो, आणि उरलेली इपॉक्सी वाळली की डबा दाबला की वडी सुटून येते, डबा पुन्हा वापरता येतो. चहाचे कागदी कप नकोत, तळाच्या घडीत न मिसळलेलं रेझिन अडकतं आणि शेवटी तेच ब्रशवर येतं. ढवळायची काठी टोकाला चौकोनी कापून घे, म्हणजे कोपरा खरवडता येतो. दोन मिनिटं पूर्ण ढवळायचं, कडा आणि तळ खरवडायचा, मग दुसऱ्या डब्यात ओतून पुन्हा ढवळायचं. सिलिका, लाकडाचा भुसा जे काही घालायचं ते यानंतर.

डब्यावर लिहिलेला वेळ बहुधा १०० ग्रॅमला आणि २५ अंशांना असतो. दर दहा अंशांनी तो साधारण निम्मा होतो. एप्रिलमध्ये आपल्या मांगरात (शेडमध्ये) ३४-३५ अंश असतात, म्हणजे वीस मिनिटांची दहाच. एका वेळी १००-१५० ग्रॅमच कालव आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओत. खोल डब्यात ती स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते, जितकी तापते तितकी लवकर आवळते, आणि शेवटी धूर सोडून डबा वितळवते. तसा डबा दिसला की त्याला कचऱ्यात, कागदाजवळ टाकू नकोस; उघड्यावर वाळूत नेऊन ठेव, गार होईपर्यंत हात लावू नकोस. धुराकडे तोंड नेऊ नकोस.

इपॉक्सीचा हात (थर) देण्यासाठी फोमचा रोलर पातळच हवा, तीनेक मिलिमीटरचा. जाड फोम इपॉक्सी पिऊन फुगतो आणि सुटा होतो. नऊ इंची रोलर मधोमध कापला की दोन होतात. बुडबुडे मोडायला त्याच फोमचा तुकडा काठीच्या फटीत अडकवून हलक्या हाताने ओढायचा. ब्रश स्वस्तातले, केस निम्मे छाटून, आणि एकदाच वापरायचे. ब्रश धुऊन वाचवण्यात जितका ॲसिटोन जातो त्यात दोन नवे येतात.

कोपऱ्यात सिलिका किंवा भुसा घातलेल्या इपॉक्सीचा लगदा भरायला मेंदीचा कोन करतो तसाच कोन कर. दुधाची पिशवी धुऊन खडखडीत वाळव, कोपरा कापला की झालं. लगदा घट्ट श्रीखंडासारखा हवा, उभ्या फळीवरून ओघळता कामा नये. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लाव, चमच्याच्या पाठीने गोलाई दे आणि लगदा ओला असतानाच टेप काढ. वाळला की टेपही सांध्याचाच भाग होतो. बाहेर आलेला लगदा पटाशीसारखी धार दिलेल्या काठीने उचल. शिकंज्यांखाली पॉलिथिन ठेव, पॉलिथिनला इपॉक्सी धरत नाही. नाहीतर शिकंजा होडीला जन्माचा चिकटतो.

पटाश्या, पुट्टीची पाती आधी कागदाने पूस, मग पांढऱ्या व्हिनेगरने. ओली असेपर्यंत व्हिनेगरने निघते, आणि तो ॲसिटोनसारखा पेटत नाही. ॲसिटोन वापरलासच तर आसपास विडी नको, चूल नको. चिंध्या गोळा करून ठेवू नकोस, बाहेर पसरून वाळव. पातळ इपॉक्सी किंवा ॲसिटोन खाडीत ओतायचा नाही. उरलेलं कालवून घट्ट कर, मग टाक. ओघळ राहिलाच तर रबरासारखा असताना धारदार पटाशीने अलगद सुटतो. कडक झाल्यावर हीट गनने थोडी ऊब दे आणि खरवड, जाळू नकोस.

आता कोकणातली खरी कटकट, दमट हवा. काही हार्डनरचा हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होतो आणि वर मेणचट थर येतो. त्यावर रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. पॉलिश कागदाने घासून तो जात नाही, उलट कागद भरतो आणि मेण चरांत बसतं. ॲसिटोननेही नाही. साधं पाणी आणि भांड्याची हिरवी घासणी. घासून पाणी सुकायच्या आत स्वच्छ कापडाने टिपून घे. मग ८० नंबरचा कागद. दुसरा हात मात्र पहिला पुरता वाळायच्या आधी, नखाचा ठसा उमटतो पण बोटाला चिकटत नाही अशा वेळी दिलास, तर धुणं-घासणं दोन्ही वाचतं. कोऱ्या लाकडावर पहिला हात दुपारनंतर, तापमान उतरू लागल्यावर दे. सकाळी चढत्या उन्हात लाकडातली हवा फुगून बुडबुडे काढते. पण दव पडायच्या आत आटप.

घासायची घाई नको, आठवडाभर थांब. अर्धवट वाळलेली धूळ ओल्या इपॉक्सीइतकीच वाईट. पाण्याचा पॉलिश कागद वापर, म्हणजे धूळ उडत नाही, आणि तरीही एन-९५ लाव. शेवटी वर रंग हवाच, उन्हाने इपॉक्सी पिवळी पडून भुकटते.

बाबांच्या जुन्या होडीला ही लावू नकोस. तिच्या फळ्यांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलंय, त्यावर काही धरणार नाही. शिवाय फळ्या पाण्यात फुगतात, उन्हात आखडतात. कडक इपॉक्सी त्या फटीत बसली की फळीलाच चीर पाडेल. तिच्या फटींना कापूस आणि राळच बरी. गंमत म्हणजे जहाजांच्या रंगातला एक हार्डनर काजूच्या टरफलाच्या तेलापासूनच करतात, तो दमट हवेतही चांगला आवळतो. तसा तिथे मिळाला तर मला फोटो पाठव.

वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घे, आणि वर पॉलिथिन गुंडाळ. आईच्या स्वयंपाकघरातला उचलू नकोस, नवीन आण.

तुझा,
धाकटा भाऊ