ईसीजी नॉर्मल आला, पण मान कोणी बघितली का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या आरोग्याच्या पानावर पॅनिक अटॅकवर लेख होता, चांगलाच होता, पण त्यात मानेचा साधा उल्लेख नाही म्हणून लिहिते आहे. माझे धाकटे दीर मिहानमध्ये आयटीत आहेत, घरून काम असलं की पलंगावर लोड टेकून मांडीवर लॅपटॉप. त्यांना एकदम छातीत धडधड, हाताला मुंग्या, डोकं हलकं अन् चालताना जमीन तरंगल्यासारखी. रात्री धावतपळत नेलं, ईसीजी नॉर्मल, नंतर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तेही नॉर्मल, मग काय, "टेन्शन घेऊ नका." अहो, न घेणं हातात असतं तर कोणी घेतलं असतं का बाप्पा!

शेवटी एका फिजिओथेरपिस्टने मागे कवटीच्या बुडाशी दोन बोटं दाबली तर भाऊजी ओरडलेच, हेच, हेच, असंच गरगरतं म्हणून.

डोकं डावीउजवीकडे वळतं त्यातलं जवळपास अर्धं वळण वरच्या दोनच मणक्यांत होतं, अ‍ॅटलस अन् अ‍ॅक्सिस. तिथले बारीक स्नायू डोकं कुठे वळलंय ते मेंदूला सारखं कळवत असतात, ते आखडले की डोळे-कान एक सांगतात अन् मान भलतंच, म्हणून चक्कर. चक्कर आली की माणूस घाबरतो, श्वास भरभर घेतो, त्याने मुंग्या येतात, खांदे वर चढतात अन् मान अजून आखडते. सुरुवात मानेने केली की मनाने, हे बरेचदा सांगताच येत नाही.

पण म्हणून यूट्यूबवर सांगतात तसं "मणका सरकला, व्हेगस नर्व्ह दबली, झाली अँक्झायटी" इतकं सरळ काही सिद्ध झालेलं नाही. मेंदूतून निघून हृदय-पोटाकडे जाणारी ही नस पहिल्या मणक्याजवळून जाते एवढं खरं. अन् एक्स-रेतली झीज तर चाळिशीनंतर काही त्रास नसणाऱ्यांच्याही मानेत दिसते, ती पाहून लगेच पट्टा बांधून बसू नये. भाऊजींची मान व्यायामाने अन् स्क्रीन डोळ्यांसमोर आणल्याने बरीच सुटली, पण रात्रीची धडधड गेली ती मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लागल्यावरच. दोन्ही लागलं.

एक गोष्ट मात्र कृपा करून मोठ्या अक्षरात छापा. आपल्याकडे कटिंग झाली की सलूनवाला डोकं धरून कटकन मान मोडून देतो अन् आपणही फुकटात मिळतं म्हणून देतो मोडू. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटू शकतो, क्वचित होतं, पण त्यातून पक्षाघात होऊ शकतो. मानेत अचानक कधी नव्हे असं दुखलं, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, हातातली ताकद गेली तर मालिश नाही, सरळ हॉस्पिटल. अन् छातीतल्या धडधडीला मानेचं नाव देऊन ईसीजी टाळायचा नाही, तो आधी.

मेडिकल कॉलेजमधले मेंदूवाले, मनवाले अन् फिजिओथेरपीवाले डॉक्टर एकत्र बसवून तुम्ही यावर एक पान काढा ना. तोवर निदान टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तरी त्या लेखांखाली छापत जा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, अन् आमच्या अख्ख्या कॉलनीत तो कोणालाच माहीत नव्हता.

आपली,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर