मुंगी मेली नाही, गुडघा फुटलाय

सातारा,
रविवार

प्रिय बंड्या,

काल फोनवर मागून तुझ्या चिरंजीवांचा टाहो ऐकला आणि वाटलं, हाड मोडलं की काय. नुसतं खरचटलंय कळल्यावर हसलो. पण "तिघांनी धरून औषध लावलं" म्हणालास, ते काही डोक्यातून जाईना. फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

आमच्याकडेही हेच झालं होतं. मनू तेव्हा साडेतीन वर्षांची. अंगणात पडली, गुडघा सोलवटला. आईने धावत येऊन फरशीला दोन चापट्या हाणल्या, "हात्त रे! मुंगी मेली बघ, काही नाही झालं!" आणि तेवढ्यात मी जंतुनाशकाची बाटली आणून तशीच, पाणीबिणी न घालता, ओतली. पोरगी अशी किंचाळली की शेजारचे दारात आले. पुढे महिनाभर कापूस दिसला की ही पलंगाखाली. चूक सगळी माझी. काही नाही झालं म्हणायचं आणि वर आग लावायची! खरचटल्यावर नळाचं वाहतं पाणी आणि जखमेभोवती साधा साबण, बहुतेक वेळा एवढं पुरतं.

गेल्या महिन्यात सायकलवरून पडली. या वेळी फरशीला मारलं नाही. न्हाणीत स्टुलावर बसवली आणि विचारलं, "पाणी तू ओतणार की मी?" तिने तांब्या ओढून घेतला. म्हटलं, चुरचुरेल, दहा मोजेपर्यंत. ओठ मुडपून मोजत होती. सातावर थांबून एकदम म्हणाली, "बाबा, सगळं रक्त संपेल का?" बघ, भीती दुखण्याची नव्हतीच! मग तिच्याच हाताने स्वच्छ रुमाल गुडघ्यावर दाबून धरायला लावला. मधे तीनदा उचलून बघायला निघाली, तीनदा हात परत ठेवला. पाचेक मिनिटांत रक्त थांबलं, हे तिने स्वतः पाहिलं. खडीचा एक कण रुतला होता, तो मी चिमट्याने काढला. तेव्हा मात्र रडली. रडू दिलं. चिकटपट्टी तिने लावली ती जखमेपासून बोटभर लांब. तिची तशीच ठेवून मी दुसरी नीट लावली.

तुझ्या घरी एक मात्र बंद कर, "रडलास तर डॉक्टरकाका सुई टोचतील." वहिनींना सांग, मी सांगितलंय म्हणून. पाच वर्षांचा झाला की डीपीटी लशीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर डोसला न्यायचंच आहे ना त्याला, तेव्हा काय करशील?

आणि भाजलं तर टूथपेस्ट नको रे, तुझ्या आत्याचा उपाय माहितीये मला. वीस मिनिटं नळाखाली धरायचं, बर्फही नको. कुत्रा चावला तर मात्र तांब्या कोणाच्या हातात हे विचारत बसू नकोस. साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना, रडो की ओरडो.

दिवाळीत येताय ना? त्याची सायकल घेऊन ये. अंगणातली खडी अजून तशीच आहे, आणि मनूने पट्ट्यांचा डबा स्वतःच्या ताब्यात घेतलाय.

तुझा,
अण्णू