‘राम राम’ म्हणायला घाबरणाऱ्या मुलाच्या आईचं आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. गेल्या मंगळवारी त्याच्या उपचार केंद्रातून फोन आला की त्याला बोलायला शिकवणाऱ्या वाचा-उपचाराच्या ताईंचं कंत्राट संपलं, नवीन माणूस कधी येईल ते सांगता येत नाही, तोवर ऑनलाइन वर्ग बंद. फोन करणाऱ्या बाई इतक्या ओशाळल्या होत्या की मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

माझ्या मुलाला र म्हणता येत नाही. र च्या जागी ल येतो. तीन वर्षांचं पोर असं बोललं की लोक उचलून घेतात. नऊ वर्षांच्या पोराला हसतात. आमच्याकडे रस्त्यात कुणी भेटलं की ‘राम राम’ घालायची पद्धत आहे. पारावर बसणारी मोठी मोठी माणसं याला लांबून हाक मारून राम राम घालतात आणि उत्तराची वाट बघतात. उत्तर आलं की एकमेकांच्या मांडीवर थापा मारतात. आता तो किराणा आणायला मागच्या बोळातून जातो. सासरे माळकरी आहेत, संध्याकाळी घरात हरिपाठ असतो. पोरगं टाळ छान धरतं, पण ‘रामकृष्ण हरी’ आलं की त्याचे ओठ मिटतात. त्याच्या स्वतःच्या नावात दोन र आहेत. नवीन माणसाने नाव विचारलं की तो माझ्याकडे बघतो, आणि मी सांगते.

जे सगळे करतात ते आम्हीही केलं. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावलं. जिभेखालची शीर कापून आणा, असं अर्ध्या गावाने सांगितलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, ऐकू नीट येतं, जीभही मोकळी आहे. ‘मोठा झाला की येईल’ हे वाक्य मी तो पाच वर्षांचा असताना ऐकलं, सहा वर्षांचा असताना ऐकलं, सातव्या वर्षीही ऐकलं. र उशिरा येणारा ध्वनी आहे हे खरं. पण आठवं वर्ष सरल्यावरही तो येत नसेल तर आपोआप येण्याची वाट बघत बसायचं नसतं, शिकवावा लागतो, हे मला कुणी सांगितलं नाही. शाळेत तपासणीचं पथक आलं तेव्हा वजन झालं, उंची झाली, दात बघितले, डोळे बघितले. ‘बाळा, तुझं नाव सांग’ एवढं म्हटलं असतं तरी कळलं असतं. नाव पथकाने हजेरीवरून वाचलं.

मग शहरातल्या खाजगी थेरपिस्टकडे गेलो. एका बैठकीची फी म्हणजे माझ्या चार ब्लाउजची शिलाई. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याबद्दल सरकारचे आभार मानते, पण अर्ध्या तिकिटात प्रवास अर्धा होत नाही. जाऊन-येऊन सहा तास, मुलाची शाळा बुडते, माझी मशीन बंद. अकरा वेळा गेलो. बाराव्या वेळेला पैसे नव्हते.

गेल्या वर्षी आमच्या गावात शिबिर झालं. तुमच्या खात्यातल्या एका मोठ्या साहेबांनी माइकवरून सांगितलं, आता शहरात जायचं कारण नाही, आठवड्यातून दोनदा ऑनलाइन वर्ग, सलग सहा महिने, इथेच रुग्णालयाच्या खोलीत. लॅपटॉप आला, माइकवाला हेडफोन आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सहा महिन्यांचे अठ्ठेचाळीस वर्ग धरा. झाले सात.

त्या सात वर्गांत काय झालं ते तुम्हाला नीट सांगायचं आहे, कारण काय बंद पाडलंत हे कळल्याशिवाय तुम्हाला माझा राग कळणार नाही.

घरी मी गंमत म्हणून ‘रवा दे’ऐवजी ‘लवा दे’ म्हटलं की हा चिडायचा. ‘लवा नाही, लवा म्हण!’ म्हणजे माझी चूक त्याला ऐकू यायची आणि आपण बरोबर म्हणतोय असंच त्याला वाटायचं. ‘नीट ऐक आणि म्हण’ असं अशा मुलाला हजार वेळा सांगून काय उपयोग? त्याच्या कानाला जे सापडत नाही ते डोळ्यांना दाखवावं लागतं. ताईंनी तेच केलं. संगणकावर एक प्रोग्राम असतो, प्रात नावाचा. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी बनवलेला, पूर्ण फुकट. त्यात आवाज धरला की त्याचं चित्र उमटतं. ताई ‘आरा’ म्हणाल्या की त्या चित्रात मधोमध क्षणभर बारीक फट पडायची. आपला मराठी र म्हणजे जिभेच्या टोकाची टाळूला एक चटकन टिचकी, आणि टिचकी बसते तेवढा वेळ आवाज अडतो. याच्या ‘आला’मध्ये फट नसायची, पट्टा सलग जायचा, कारण ल म्हणताना जीभ टेकून राहते आणि आवाज बाजूने वाहतो.

तिसऱ्या वर्गात तो स्वतःच म्हणाला, ‘ताई, माझं तुटत नाही.’ चार वर्षं आम्ही सगळे त्याला चुकतोस म्हणत होतो. कुठे चुकतो ते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः बघितलं. मग ताईंनी त्याला ‘अदा अदा अदा’ भराभर म्हणायला लावलं, दर वेळी चित्र बघायचं, जीभ किंचित मागे घ्यायची, पुन्हा बघायचं. सातव्या वर्गात फट पडली. ‘आरा.’ तो खुर्चीवरून उठला आणि स्क्रीनला हात लावून बघायला लागला. मी दारात उभी होते. मला रडू आलं आणि ताईंनाही.

ताई प्रामाणिक होत्या. त्यांनी तेव्हाच सांगितलं, चित्र बघून ध्वनी सापडतो, पण तो मुरवायला लागतो. आधी ‘आरा’, मग ‘रस’, ‘दोरी’, ‘घर’, मग वाक्य, मग चित्र बंद करून गप्पा. मध्येच सोडलं तर जीभ जुन्या वाटेला जाते. सातव्या वर्गानंतर दोन आठवड्यांत तुम्ही ते मध्येच सोडलंत.

आता तो घरी एकटाच ‘अदा अदा’ म्हणतो आणि मला विचारतो, ‘तुटलं का?’ माझ्याकडे लॅपटॉप नाही. मला कसं कळणार?

साहेब, हे काही अमेरिकेतलं महागडं कौतुक नाही. अमेरिकेत हे काम बरंच पुढे गेलंय, न्यूयॉर्क विद्यापीठातल्या लोकांनी तर र साठी फोनवरचं ॲप बनवलंय. पण तो र त्यांचा. इंग्रजी र म्हणताना त्यांची जीभ टाळूला टेकतच नाही, आणि ते ॲप चित्रात बघतं तेही वेगळंच. ते माझ्या मुलाला दिलं तर तो ‘राम’मधला र अमेरिकन माणसासारखा म्हणायला शिकेल. आणि ळ? काळ आणि काल, बाळ आणि बाल यांतला फरक कुणाचं यंत्र दाखवणार? चमच्यातला च आणि चिमणीतला च आपण वेगळे म्हणतो, लिहितो मात्र एकाच अक्षराने. हे सगळं मराठी मुलांचे आवाज घेऊन मराठी माणसांनीच बसवायला हवं. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासून. तिथे वाचा-उपचाराचं शिक्षण मिळतं. मुंबईत बसून त्यांना एक पत्र लिहायला तुम्हाला किती वेळ लागतो?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आमच्या शाळेतही फलक लागला, मुलांनी प्रभातफेरी काढली, माझ्या मुलाने घोषणा दिल्या नाहीत कारण ‘मराठी’ या शब्दातच र आहे. ही भाषा दोन हजार वर्षांची आहे म्हणून भाषणं करता, आणि ती ज्याच्या तोंडात अडकली आहे त्या पोरासाठी तुमच्याकडे एक कायमचा पगारी माणूस नाही.

मी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही जाऊन आले. मला ते नको होतं, पण कुणीतरी म्हणालं, त्याने सवलत मिळते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, ‘वाचा आणि भाषा’ हाही एक आहे. पण तो कायमस्वरूपी हवा, आणि शरीरातल्या किंवा मेंदूतल्या बिघाडामुळे आलेला हवा. माझ्या मुलाचा कायमचा नाही, तो बरा होतो, म्हणून तो तिथे बसत नाही. आणि आजारांच्या यादीतही बसत नाही, कारण ताप नाही, दुखत नाही. जे मूल थोडक्या खर्चात पूर्ण बरं होऊ शकतं, नेमकं तेच तुमच्या कुठल्याच रकान्यात नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात आपल्या पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा कार्यक्रम आहे तो. त्याच्या तपासणीत ‘बोलणं स्पष्ट आहे का’ हा प्रश्न दुसरी-तिसरीच्या प्रत्येक मुलाला विचारायला कोणतं यंत्र लागतं?

राज्यात ३५८ तालुके आहेत. तालुक्यात अशी दहाच मुलं धरा, मी कमीच धरते आहे, आमच्या एका शाळेतच मला तीन माहीत आहेत. ३,५८० मुलं झाली. एक थेरपिस्ट ऑनलाइन दिवसाला आठ वर्ग घेईल, म्हणजे आठवड्यातून दोनदा धरून वीस मुलं, आणि तीन-तीन महिन्यांच्या हिशेबाने वर्षाला ऐंशी. पंचेचाळीस माणसं लागतात. हिशेब वहीच्या मागच्या पानावर केलाय, चुकला असेल तर तुमच्या अधिकाऱ्यांकडून दुरुस्त करून घ्या, तीनाऐवजी सहा महिने धरून दुप्पट निघाला तरी नव्वदच होतात. मन अस्वस्थ असलेल्या माणसासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर २०२२ पासून सुरू आहे, म्हणजे लांबून उपचार करता येतात हे सरकारला मान्य आहे. मग वाचा-उपचाराची माणसंच दर वेळी अकरा महिन्यांच्या कागदावर का? कंत्राट संपतं तेव्हा फाइल बंद होत असेल. इथे मूल अर्ध्या शब्दावर थांबतं. अंगणवाडीच्या ताई मानधनासाठी रस्त्यावर, आशाताई रस्त्यावर, रुग्णवाहिकेचे चालक कंत्राटी. लेकरांना हात लावणारं एकही माणूस या राज्यात पक्क्या नोकरीवर राहू नये असं ठरवून टाकलंय का?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आमच्या ताईंना परत बोलवा, कारण त्यांना माझ्या मुलाची जीभ माहीत आहे आणि त्याला त्यांची भीती वाटत नाही. नवीन माणूस देणार असाल तर कंत्राट मुलाच्या उपचाराआधी संपणार नाही एवढं बघा. रुग्णालयातला लॅपटॉप वर्ग नसतानाही सरावासाठी उघडा ठेवा, तिथल्या परिचारिकेला तो प्रोग्राम लावायला अर्ध्या तासात शिकवता येईल. आणि पुन्हा वर्ग सुरू कराल तेव्हा आवाजाचं चित्र मुलाच्याच संगणकावर काढू द्या आणि तो पडदा ताईंना दाखवा. पहिल्या दोन वर्गांत ताई तिकडून व्हिडिओ कॉलवर आलेल्या आवाजाचं चित्र काढत होत्या. कॉलमध्ये आवाज दाबला जातो, गोंगाट काढताना बारीक खुणाही निघून जातात, फट दिसायची नाही. हे ताईंनीच शोधलं, कुठल्या परिपत्रकात नव्हतं. ते परिपत्रकात घाला, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या आईचे दोन वर्ग वाया जाणार नाहीत.

त्या खोलीला आता कुलूप आहे. काल आम्ही दोघं जाऊन आलो. किल्ली जिल्ह्याला जमा केली असं शिपाईमामांनी सांगितलं. लॅपटॉप आत टेबलावर आहे, खिडकीतून दिसतो. मुलगा खिडकीच्या गजाला धरून दहा मिनिटं उभा होता, मग म्हणाला, ‘आई, सोमवाली येऊ.’

मी त्याला हो म्हटलंय. सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही तिथे असू.

आपली,
चौथीतल्या एका मुलाची आई