आधी गंगेच्या तळाचं काँक्रीट काढा

संपादक महोदय,

सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला की नाशिकच्या गोदाघाटाच्या सुशोभीकरणाचं बोलणं निघतंच. २०२७ च्या पर्वणीसाठीही नव्या फरश्या, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट असं काहीबाही कानावर येतं. भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं वडिलोपार्जित दुकान आहे. पुराच्या पाण्याच्या रेघा आम्ही आतल्या भिंतीवर ओढून ठेवतो. २००८, २०१६ आणि २०१९ च्या तीन रेघा माझ्या हातच्या. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की माळ्यावर माल चढवायचा, हे कुणी सांगावं लागत नाही. २०१९ चा पूर ओसरल्यावर दुकानासमोरचा गाळ उपसताना लोखंडी कठड्याचा हातभर तुकडा निघाला. नदीच्या पात्रात शोभेसाठी जे उभं करतात, त्याचं पुढे काय होतं ते मला तेव्हा कळलं.

कमरेला पत्र्याचा डबा बांधून मी नदीपात्रातल्याच गांधी तलाव या कुंडात पोहायला शिकलो. वडील पहाटे गंगेवर न्यायचे (आम्हा नाशिककरांना गोदावरी ही गंगाच). वैशाखात वरून पाणी कमी आलं तरी कुंडात एखाद्या जागी तळातून गार धार पायाला लागायची. ती जागा आम्हा पोरांना पाठ होती. पुढे सिंहस्थाच्याच कामांत कुंडांच्या तळाला काँक्रीट ओतलं गेलं आणि ते झरे दबले. आता गंगापूर धरणातून पाणी सुटलं तर नदी, नाहीतर हिरवं डबकं. वाघाडी नाल्यातून येणाऱ्या सांडपाण्याबद्दल काय लिहायचं? मध्यंतरी काही कुंडांतलं काँक्रीट फोडायला सुरुवात झाली, मग ते काम रेंगाळलं. गेल्या सुट्टीत पुण्याहून आलेला नातू पोहायला चल म्हणून मागे लागला. त्याला पायरीवर बसवून नुसते पाय बुडवू दिले, तेही जरा बिचकतच.

घाटावर माणसं आणायला वेगळं काही करावं लागत नाही. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमालेला लोक येतात, बुधवारच्या बाजारात तर पाय ठेवायला जागा नसते. त्यांना बसायला सावली हवी, बायकांना आत पाऊल टाकता येईल असं स्वच्छतागृह हवं. रामकुंडावरच्या गर्दीचा विचार दर बारा वर्षांनी होतो. रोज संध्याकाळी पायऱ्यांवर येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा कधी होतो?

म्हणून माझं मागणं एवढंच, की एकही नवी फरशी बसवण्याआधी कोणत्या कुंडाचा तळ मोकळा झाला, कोणता बाकी आहे आणि तो कधी होणार, हे महापालिकेनं तारखांसह घाटावरच फलकावर लिहावं. तेवढं जमेपर्यंत पटांगणात उभ्या राहणाऱ्या गाड्या तरी हलवा. त्याला निविदा काढावी लागत नाही.

– भांडी बाजारातील एक जुना दुकानदार, नाशिक