सातवीच्या पालकांसाठी सूचना : या सत्रात वर्गात काय चालू आहे

पालकहो, नमस्कार.

गणितात सध्या पूर्णांक संख्या सुरू आहेत. बेरीज-वजाबाकी मुलांना जमते. घोडं अडतं ते ‘ऋण गुणिले ऋण बरोबर धन’ का, इथे. कृपया नियम पाठ करून घेऊ नका. −३ ला आधी २ ने, मग १ ने, मग ० ने गुणायला सांगा. उत्तरं येतात −६, −३, ०. दर वेळी ३ ने वाढ होतेय हे दिसलं, की −३ गुणिले −१ म्हणजे ३ हे मूल स्वतःच सांगतं. समीकरणं यानंतरच घेणार आहोत, त्यामुळे इथे घाई नको.

विज्ञानात प्रकाशसंश्लेषण आहे. पानातला स्टार्च आयोडिनने तपासण्याचा प्रयोग शाळेतच होईल. त्यासाठी पान गरम अल्कोहोलमध्ये ठेवून हरितद्रव्य काढावं लागतं आणि अल्कोहोल चटकन पेट घेतं. घरी करण्याचा हट्ट कोणी धरला, तर ठाम नकार द्या.

भूगोलात ऋतू. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, असं बरीच मुलं (खरं सांगायचं तर मोठेही) समजतात. प्रत्यक्षात ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला. ऋतू होतात ते अक्षाच्या सुमारे २३.५ अंशांच्या कलामुळे. चेंडू आणि टॉर्च देऊन मुलांकडून हे समजावून घ्या. आपण समजावू नका.

भाषेत सारांशलेखन आहे. तो मुलांनीच लिहावा, चुका राहिल्या तरी चालतील.

सोमवारपासून कंपासपेटी आणि आलेखवही रोज दप्तरात हवी.

– वर्गशिक्षक