जॉन्सन यांची ती सही

महोदय,
४ जुलै २०२६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्य जाहीरनाम्याची अडीचशे वर्षे. त्याचा गाजावाजा होणारच. आमच्यासारख्या घरांना मात्र ३ ऑक्टोबर १९६५ ही तारीख जास्त जवळची. त्या दिवशी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी न्यूयॉर्क बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० जागा, त्याही १९४६पासून. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांना तर ‘गोरे’ नाहीत म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३मध्ये नागरिकत्वास अपात्र ठरवले होते. गंमत म्हणजे, या कायद्याने लाखो लोकांच्या आयुष्यावर परिणाम होणार नाही, असे खुद्द जॉन्सनच सही करताना म्हणाले होते!

माझे मामा सत्तरच्या दशकात न्यू जर्सीला गेले ते याच कायद्यामुळे. आजीने सुटकेसमध्ये कपड्यांपेक्षा गोडा मसालाच जास्त कोंबला होता म्हणे. हल्ली घरात व्हिसाच्या तारखांशिवाय दुसरा विषय नसतो. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी गणपती-दिवाळीच्या जोडीला ३ ऑक्टोबरचाही एखादा कार्यक्रम ठेवावा, आणि त्यात थिंड यांची हकिगत मुलांना जरूर सांगावी.

– एक वाचक, पुणे